पाच हजार व्होल्ट, सोळा मिलिमीटर आणि तेलाचा एक थेंब : रॉबर्ट मिलिकन यांची गोष्ट

1939 चा हिवाळा. युरोपात महायुद्ध पेटलं होतं आणि इकडे अमेरिकेतले एक 71 वर्षांचे प्राध्यापक फुगे आणि मोजमापाची यंत्रं घेऊन हिंदुस्थानात आले होते. सोबत दोन सहकारी. आग्रा, पेशावर आणि बंगळूर इथून त्यांनी आकाशात उंच फुगे सोडले. फुग्यांना टांगलेली यंत्रं वरच्या विरळ हवेतले आकडे टिपत होती. हे प्राध्यापक म्हणजे रॉबर्ट अँड्र्यूज मिलिकन. पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळून त्यांना तेव्हा 16 वर्षं झाली होती.

बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा असो, कोल्हापुरात बारावीला बसलेली मुलगी असो, नाहीतर मडगाव, इंदूर, वडोदऱ्यातलं कुणी. बोर्ड वेगळं, पुस्तकाची भाषा वेगळी, पण एक गणित सगळ्यांच्या वाट्याला येतं. धातूच्या दोन समांतर पट्ट्या, त्यांच्यात इतकं व्होल्टेज, मधलं अंतर इतकं. तर मधल्या विद्युत क्षेत्राची तीव्रता काढा. व्होल्टेजला अंतरानं भागायचं, एकक लिहायचं, गुण पदरात पडले. मिलिकन यांनी आपल्या उमेदीची काही वर्षं याच भागाकारावर लावली. त्यातून त्यांना जगभर नाव मिळालं. त्या नावातला वाटा कुणाचा किती, हा प्रश्न मात्र ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी उघडा पडला.

ग्रीक शिकलेला पोरगा फिजिक्स शिकवतो

मिलिकन यांचा जन्म 22 मार्च 1868 चा, इलिनॉय राज्यातल्या मॉरिसन गावातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. घरात सहा भावंडं, पैसा बेताचाच. रॉबर्टचं बालपण आयोवातल्या मकोकेटा या छोट्या गावात गेलं. शाळा संपल्यावर काही दिवस त्यानं कोर्टात कामकाज टिपून घेण्याची नोकरी केली आणि 1886 मध्ये ओबर्लिन कॉलेजात नाव घातलं.

फिजिक्सशी संबंध आला तो अपघातानं. दुसरं वर्ष संपताना ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी त्याला बोलावून घेतलं आणि कॉलेजला जोडलेल्या पूर्वतयारीच्या वर्गाला फिजिक्स शिकवायला सांगितलं. आपल्याला त्यातलं काहीच येत नाही, असं पोरानं सरळ सांगून टाकलं. प्राध्यापकांचं म्हणणं असं, की ज्याला ग्रीक इतकं चांगलं जमतं त्याला फिजिक्सही जमेलच. गरज पैशाची होती. त्यानं होकार दिला, सुट्टीत पुस्तक घेऊन बसला, त्यातली जमतील तेवढी सगळी उदाहरणं सोडवली आणि वर्गावर गेला. पुढे त्यांनी फिजिक्सची क्रमिक पुस्तकं लिहिली. ती अमेरिकेत भरपूर चालली. विषय स्वतः धडपडत शिकलेला माणूस इतरांना तो बरा समजावतो, हे खरंच असावं.

1895 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळाली. तिथले प्राध्यापक मायकेल प्युपिन यांनी 300 डॉलर उसने दिले, त्यावर मिलिकन जर्मनीला गेले. नेमकं त्याच वर्षी क्ष-किरणांचा शोध लागला, पाठोपाठ किरणोत्साराचा. 1896 मध्ये अल्बर्ट मायकेलसन यांनी त्यांना शिकागो विद्यापीठात बोलावून घेतलं.

शिकागोत पहिली दहा-बारा वर्षं गेली ती शिकवण्यात आणि पुस्तकं लिहिण्यात. 1902 मध्ये ग्रेटा ब्लँचर्ड यांच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलगे झाले. 1907 मध्ये मायकेलसन यांना नोबेल मिळालं, विज्ञानातलं ते अमेरिकेचं पहिलं. त्याच विभागात बसणारे मिलिकन चाळिशीला टेकले होते आणि सांगण्यासारखं संशोधन हातात नव्हतं. पुस्तकांचे पैसे येत होते, विद्यार्थी खूश होते. दुसरा कुणी तेवढ्यावर थांबला असता.

ढग पांगला, थेंब राहिले

त्या काळचा मोठा प्रश्न इलेक्ट्रॉनचा होता. 1897 मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी तो दाखवला होता, पण एका इलेक्ट्रॉनवर वीज नेमकी किती, याचा पक्का आकडा नव्हता. केंब्रिजमध्ये पाण्याच्या बाष्पाचा ढग करून, तो किती वेगानं खाली बसतो ते पाहून, अंदाज काढत. ढगात लाखो थेंब. त्यामुळे जे मिळे ती सरासरी. काही शास्त्रज्ञांना तर विजेचा असा ठराविक सुटा कण असतो हेच मान्य नव्हतं.

मिलिकन यांनी आधी तीच ढगाची रीत उचलली. ढग वरच्या वर धरून ठेवावा म्हणून त्यांनी छोट्या छोट्या बॅटऱ्या जोडून 10,000 व्होल्टचा संच उभा केला. कळ दाबली आणि ढग क्षणात पांगून गेला. प्रयोग फसला म्हणायचा. पण नीट पाहिलं तर चार-दोन थेंब तसेच अधांतरी लटकलेले. त्यांच्यावरची वीज आणि त्यांचं वजन यांचा तोल बरोबर जमला होता. म्हणजे ढगाची गरजच नाही, एकेक थेंब धरून हिशेब मांडता येतो. 1909 च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या विनिपेगला भरलेल्या ब्रिटिश परिषदेत त्यांनी हे मांडलं.

अडचण एकच. पाण्याचा थेंब दिव्याच्या उष्णतेनं बघता बघता सुकतो, वजन बदलत राहतं. न सुकणारं काहीतरी हवं होतं. तेल वापरण्याची कल्पना विनिपेगहून परतताना रेल्वेत आपल्याला सुचली, असं मिलिकन यांनी पुढे लिहिलं. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला आलेला यूटा राज्यातला तरुण हार्वी फ्लेचर याची आठवण वेगळी आहे. त्याच्या मते ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या चर्चेत निघाली. त्याच दिवशी तो औषधाच्या दुकानात गेला, अत्तर फवारायची बाटली आणि घड्याळाचं तेल विकत आणलं, आणि पहिलं उपकरण स्वतः जुळवलं. दुर्बिणीतून पाहिलं तर काळोखात तेलाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत होते.

भागाकार असा चालतो

नंतरच्या नीटस उपकरणात पितळेच्या दोन गोल तबकड्या होत्या, एकीवर एक. व्यास 22 सेंटिमीटर, मधलं अंतर फक्त 16 मिलिमीटर. वरच्या तबकडीच्या मधोमध बारीक भोक. वरून तेल फवारायचं, त्यातला एखादा थेंब भोकातून मधल्या जागेत उतरतो. फवाऱ्यातून निघताना घर्षणानं त्याच्यावर थोडी वीज आलेलीच असते.

तबकड्या एवढ्या रुंद आणि इतक्या जवळ ठेवण्यामागे कारण होतं. कडेला विद्युत क्षेत्र बाहेर फुगतं, वाकडं होतं. पण अंतराच्या मानानं तबकडी बरीच रुंद असली की मधल्या भागात क्षेत्र सगळीकडे सारखं राहतं. थेंब वर असो, खाली असो, थोडा डावीकडे सरको, त्याच्यावरची ओढ बदलत नाही. अशा सारख्या क्षेत्राला एकसमान क्षेत्र म्हणतात. आणि क्षेत्र एकसमान असेल तरच तीव्रता काढायला साधा भागाकार पुरतो.

समजा तबकड्यांना 5,000 व्होल्ट जोडले. अंतर 16 मिलिमीटर, म्हणजे 0.016 मीटर. 5,000 भागिले 0.016, उत्तर 3,12,500 व्होल्ट प्रति मीटर. मुलं इथंच घसरतात. मिलिमीटरनंच भागलं तर 312.5 येतं. तेही चूक नाही, पण ते व्होल्ट प्रति मिलिमीटर झालं. पुढच्या गणितात ते मीटरचं समजून घातलं की उत्तर हजारपट कमी येतं. व्होल्टेज तेच ठेवून अंतर निम्मं केलं तर तीव्रता दुप्पट. पण तबकड्या हव्या तितक्या जवळ आणता येत नाहीत. कोरड्या हवेत साधारण 30 लाख व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास ठिणगी पडते. मिलिकन त्याच्या बरेच आत होते.

क्षेत्राची तीव्रता म्हणजे एक कूलोम विजेवर किती न्यूटन जोर लागतो ते. म्हणून थेंब अधांतरी थांबला, की त्याच्यावरची वीज गुणिले क्षेत्राची तीव्रता बरोबर थेंबाचं वजन. वरच्या 3,12,500 च्या क्षेत्रात चार इलेक्ट्रॉनांची वीज असलेला थेंब तरंगला, तर त्याचं वस्तुमान एका किलोग्रॅमला एकावर चौदा शून्यांनी भागून दुप्पट करावं एवढं भरतं. कुठल्या तराजूत घालणार! म्हणून वजन काढायचं ते दुसऱ्या वाटेनं. कळ बंद केली की थेंब हळूहळू खाली पडतो. दुर्बिणीतल्या दोन रेघांमधलं अंतर कापायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहायचं. तेलाची घनता आणि हवेचा चिकटपणा माहीत असला, की त्या वेगावरून थेंबाचा आकार आणि वजन निघतं. कळ चालू केली की थेंब पुन्हा वर. एकच थेंब असा तासन् तास खालीवर करता येई. एकदा घरी पाहुणे जेवायला यायचे होते आणि मिलिकन प्रयोगशाळेतून हललेच नाहीत. थेंब नजरेसमोर होता. पाहुण्यांना ग्रेटाबाईंनी सांभाळलं.

मग निघाला तो हिशेब दुकानदारालाही कळेल असा आहे. एखाद्या गल्ल्यात रोज जमा होणारी रक्कम 15, 35, 20, 45 अशीच येत असेल, 17 किंवा 22 कधीच नाही, तर तिथं पाचाखालची नाणी चालत नाहीत हे उघड आहे. थेंबांवरची वीज तशीच यायची, एका ठराविक आकड्याच्या पटीत. अर्धा पट नाही, पाव पट नाही. तो आकडा म्हणजे एका इलेक्ट्रॉनची वीज. 1913 मध्ये मिलिकन यांनी 58 थेंबांवरून तो छापला. आजच्या एककात तो 1.592 येतो, खाली एकावर एकोणीस शून्यं, कूलोममध्ये. आज मान्य असलेला आकडा 1.602 आहे. फरक शेकडा एकाहूनही कमी.

हा फरक आला कुठून? व्होल्टेज आणि अंतर, म्हणजे भागाकाराचे दोन्ही आकडे, ठीक होते. चूक होती हवेच्या चिकटपणाच्या आकड्यात. तो प्रत्यक्षापेक्षा किंचित कमी धरला गेला होता. 1930 च्या दशकात क्ष-किरणांच्या वेगळ्या पद्धतीनं इलेक्ट्रॉनची वीज मोजली गेली, दोन्ही उत्तरं जुळेनात, तेव्हा कुठे शोधाशोध होऊन हे सापडलं. जवळपास वीस वर्षं जगानं 1.592 धरूनच कामं केली.

पॅसाडेना आणि बंगळूर

यानंतर मिलिकन यांनी प्रकाशाचा प्रश्न घेतला. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. किती उलटं व्होल्टेज लावलं की ते थांबतात, हे मोजून आइनस्टाइन यांचं 1905 चं समीकरण तपासायचं. प्रकाशाचे कण असतात ही कल्पना मिलिकन यांना मुळीच पटलेली नव्हती. ती खोटी ठरवता आली असती तर त्यांना आवडलंच असतं. 1916 पर्यंत आकडे हातात आले, ते समीकरणाशी तंतोतंत जुळले आणि त्यांनी ते तसेच छापले. 1923 चं नोबेल त्यांना इलेक्ट्रॉनची वीज आणि हे काम, अशा दोन्हींसाठी मिळालं.

1921 मध्ये ते कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला गेले. तिथली तंत्रशिक्षण संस्था, जी आज कॅलटेक म्हणून ओळखली जाते, त्यांनी 1945 पर्यंत चालवली. श्रीमंतांकडून देणग्या काढण्यात त्यांचा हातखंडा होता. चांगली माणसं हेरून बोलावून घेण्यातही. 1924 मध्ये सी. व्ही. रामन त्यांच्या निमंत्रणावरून तिथं काही महिने राहून आले.

अवकाशातून येणाऱ्या भेदक किरणांना वैश्विक किरण हे नाव मिलिकन यांनीच 1925 मध्ये दिलं. नाव टिकलं, त्यांची समजूत टिकली नाही. हे किरण प्रकाशाच्या जातीचे आहेत, असं ते धरून बसले. आर्थर कॉम्प्टन यांनी जगभर मोजणी करून दाखवलं, की विषुववृत्ताकडे ते कमी होतात. म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं, म्हणजे ते विद्युतभारित कण आहेत. 1932 च्या शेवटी हा वाद अमेरिकेत वर्तमानपत्रांपर्यंत गेला. मिलिकन हरले, पण मान्य करायला त्यांनी बराच वेळ घेतला.

हिंदुस्थानात फुगे आणले ते याच मोजणीसाठी. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं. तिथं पृथ्वीचं चुंबकत्व चाळणीसारखं काम करतं आणि फक्त फार जोराचे कण खाली येऊ देतं. पेशावर, आग्रा, बंगळूर असं उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजत गेलं की कुठल्या जोराचे कण किती, हे कळतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेव्हा रामन होते, आणि युद्धामुळे केंब्रिजला परत जाता न आलेला तिशीतला होमी भाभाही त्याच सुमारास रामन यांच्याकडे रुजू झाला होता. त्याचाही विषय वैश्विक किरणच. पुढे भाभांनी उभ्या केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे आणि तिथून अजूनही संशोधनाचे फुगे आकाशात जातात.

मुलांपैकी ग्लेन यांचं नाव वेगळं सांगायला हवं. कानाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र त्यांनी युद्धकाळात वैमानिकांसाठी तयार केलं आणि त्याला ऑक्सिमीटर म्हटलं. कोरोनात घराघरात पोचलेला तो शब्द त्यांचा. 1947 मध्ये डोंगर चढताना झालेल्या अपघातात ते गेले. मिलिकन यांना म्हातारपणी हे पाहावं लागलं. 1953 मध्ये आधी ग्रेटाबाई गेल्या आणि 19 डिसेंबरला मिलिकन.

वह्या उघडल्या तेव्हा

1913 च्या निबंधात मिलिकन यांनी लिहिलं होतं, की हे 58 थेंब निवडून काढलेले नाहीत, सलग 60 दिवसांत तपासलेले सगळे थेंब यात आहेत. 1970 च्या दशकात अभ्यासकांनी त्यांच्या मूळ वह्या पाहिल्या. नोंदी शंभराहून कितीतरी जास्त थेंबांच्या निघाल्या. काहींच्या शेजारी छान, छापावा अशा अर्थाचे शेरे, काहींच्या शेजारी नाराजी. सोडलेले थेंब हिशेबात घेऊन पाहिले तरी मुख्य आकडा जवळपास तोच राहतो, हेही पुढे दाखवलं गेलं. म्हणजे उत्तरासाठी लबाडी करायची गरजच नव्हती. पण छापलेलं ते वाक्य खरं नव्हतं आणि त्याला दुसरं नाव देता येत नाही. कुणाचीही वही ऑडिटला गेली तर तेवढंच म्हटलं जाईल.

दुर्बल ठरवलेल्या माणसांची सक्तीनं नसबंदी करावी, असा प्रचार करणारी एक संस्था पॅसाडेनात होती. तिच्या विश्वस्तांमध्ये मिलिकन होते. या कारणावरून कॅलटेकनं 2021 मध्ये आपल्या आवारातल्या इमारतीवरचं त्यांचं नाव काढायचं ठरवलं. जी संस्था त्यांनी 24 वर्षं वाढवली, तिनंच.

राहिला फ्लेचर. तेलाच्या थेंबांचं काम दोघांनी मिळून केलं होतं आणि त्यातून अनेक निबंध तयार होत होते. फ्लेचरच्या आठवणीप्रमाणे, 1910 च्या उन्हाळ्यात एक दिवस मिलिकन त्याच्या बिऱ्हाडी आले. तो तान्ह्या मुलीला सांभाळत घरीच होता. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे डॉक्टरेटच्या निबंधावर विद्यार्थ्याचं एकट्याचं नाव लागतं, असं मिलिकन यांनी सांगितलं आणि एक निबंध त्याच्या एकट्याच्या नावानं जाईल असं सुचवलं. पण इलेक्ट्रॉनच्या विजेचा जो पहिला मोठा निबंध होता, ज्यानं जग हललं, तो मिलिकन यांच्या एकट्याच्या नावानं जाणार होता. फ्लेचरला हे अपेक्षित नव्हतं. त्याला ते लागलं. गुरू समोर, डॉक्टरेट अर्धी, घरात लहान मूल. तो हो म्हणाला. निबंधाच्या मजकुरात मिलिकन यांनी त्याची मदत नोंदवली, पण वर नाव एकच.

फ्लेचरना 1911 मध्ये उत्तम श्रेणीत डॉक्टरेट मिळाली. पुढे ते बेल प्रयोगशाळेत गेले, ऐकू येण्याच्या शास्त्रात आणि स्टिरिओ आवाजाच्या कामात मोठं नाव कमावलं. मिलिकन यांच्याशी त्यांचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहिले. ही हकीकत त्यांनी लिहून ठेवली, पण ती आपण गेल्यावरच छापावी असं सांगून. त्यातून आपल्याला काही मिळवायचं आहे असं कुणाला वाटू नये, एवढंच त्यामागे होतं. 1981 मध्ये ते 96 व्या वर्षी वारले आणि पुढच्या वर्षी ती हकीकत छापून आली. तोवर त्या निबंधाला 70 वर्षं उलटून गेली होती.